हिरव्या दोऱ्याची स्प्रिंग

दादा, तुझा फोटो वहिनीनं टीव्हीच्या वरच्या भिंतीवर लावलाय. रेंजवरचा आहे. कानावर लावायचे मफ गळ्यात, चष्मा कपाळावर, आणि कुणीतरी काहीतरी विनोद केला असावा तसा हसतोयस. येणारी माणसं हात जोडतात, वहिनी चहा टाकते आणि मी बरोबर समोरच्या खुर्चीत बसून तुझ्याकडे डोळे वटारून बघत राहते. लोक एकमेकांना हळू आवाजात सांगतात, बहिणीनं फार मनाला लावून घेतलंय. घेतलंच आहे. पण काय मनाला लावून घेतलंय हे त्यांना कळलं तर चहाचा कप हातातून पडेल त्यांच्या.

पेपरात तुझ्यावर आलं होतं. नेमबाजीचे गुरू, शेकडो मुलांचे आधारस्तंभ, बाहेरून कडक आणि आतून मऊ. शेवटचं वाचून मी हसले. बाहेरून कुणाला आणि आतून कुणाला, एवढं लिहायचं राहून गेलं होतं त्यात.

दहाव्यापर्यंत मी रडले, ते खरं रडले. ते तुझं तुला पोचलं असेल तर ठेवून घे. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनीनं एक गोष्ट सांगितली आणि माझं रडणं तिथंच थांबलं. ती गोष्ट सांगतेच, पण आधी मुळापासून ऐक. जिवंत होतास तेव्हा माझं कधी सलग ऐकून घेतलं नाहीस. मी बोलायला लागले की तू काहीतरी घासायला, पुसायला, तेल द्यायला घ्यायचास. आता तुला उठून जाता येत नाही, तेवढी एक सोय झाली.

भूकंप झाला तेव्हा तू नांदेडला होतास. मी गावात, आईबाबांजवळ. मला शेजारच्यांनी बाहेर काढलं, त्या दोघांना काढायला वेळ लागला. तू दुपारी ट्रकमधून येऊन उतरलास, तेव्हा मी शाळेच्या मैदानावर झाडाखाली बसले होते आणि उजवा हात कुणाच्या तरी उपरण्यात बांधलेला होता. तू माझ्याजवळ आलास, चेहऱ्यावरची माती पुसलीस आणि घराकडे गेलास. दगड उचलत होतास ते मला तिथून दिसत होतं. लोक म्हणत होते, आता बस कर, जवान येतायत. तू ऐकलं नाहीस.

मग मला नांदेडला नेलंस. हात प्लास्टरमध्ये, म्हणून माझी वेणी तू घालायचास. वाकडी व्हायची. मी कॉलेजला जाताना शेजारची बाई बोलवायची आणि सोडून परत घालून द्यायची, ते तुला मी कधी कळू दिलं नाही. तुझं नुकतं लग्न ठरलं होतं, ते पुढं ढकललंस. भाकरी जमत नव्हती म्हणून रोज भात आणि येसराच्या भाजक्या पिठाची आमटी. हे सगळं मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर आज तुझ्यावर रागावणं सोपं गेलं असतं.

तू जुन्या नांदेडातल्या त्या बंदुकीच्या दुकानात कारागीर होतास. हिमायतनगर, किनवटकडचे शेतकरी रानडुकरांपासून पिकं राखायच्या ठासणीच्या बंदुका घेऊन यायचे. घोडा बसत नाही, नळीला गंज चढलाय, दस्ता फुटलाय. तू ती कामं पोटासाठी करायचास. तुझा जीव होता तो विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या क्लबात, नेमबाजांच्या पिस्तुलांवर. शहरातले चार-दोन हौशी लोक, एक डॉक्टर, एक निवृत्त फौजदार, आणि त्यांची ती सामन्याची पिस्तुलं. क्लबच्या परवान्यावर काडतुसं भरायचं काम तुझ्याकडं आलं आणि तू त्यातच बुडालास.

प्लास्टर निघालं तरी माझा हात थरथरायचा. भांडं पडलं, ट्रक गेला, दार आपटलं की अंग आकसून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले वेळ लागेल. तुला वेळ लागणारं काही आवडत नव्हतं. एका रविवारी तू मला क्लबवर नेलंस, माझ्या हातात पिस्तूल दिलंस आणि म्हणालास की आवाज आपणच करायचा, मग तो आपल्याला घाबरवत नाही. पहिल्या बाराला मी किंचाळले. चौथ्या-पाचव्या रविवारी किंचाळणं थांबलं. वर्षभरात मी त्या डॉक्टरांच्या पुढं गेले आणि फौजदारसाहेब मला नेमबाज बाई म्हणायला लागले. ते श्रेय तुझंच. ते मी पूर्वीही दिलं, आजही देते.

पण माझ्या हातात तू कायम कडक पिस्तूल दिलंस. ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण हे वाचणाऱ्यांत तेही असतील. काडतुसात दारू जरा कमी आणि बेतानं भरली की बार मऊ होतो. लाथ हलकी बसते, हात जागेवरून फार उडत नाही, पुढचा नेम पटकन लागतो. पण बार उडाला की पिस्तुलाची वरची स्लाइड मागं जायची असते. ती मागं गेली की रिकामं टरफल बाहेर उडतं, आणि आतली स्प्रिंग तिला पुढं ढकलून नवं काडतूस आत घालते. बार मऊ असेल तर स्प्रिंगही मऊच लागते. मऊ बाराला कडक स्प्रिंग लावली तर स्लाइड अर्ध्यातूनच परत फिरते आणि टरफल बाहेर पडायच्या तोंडातच अडकून उभं राहतं. बार आणि स्प्रिंग यांची जोडी जमवणं, तीसुद्धा ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे, ही तुझी कला होती. नांदेडात काय, पार औरंगाबादपर्यंत तसं कुणाला जमत नव्हतं.

तुझ्या टेबलामागच्या भिंतीवर खिळे होते आणि त्यांना स्प्रिंगा टांगलेल्या असायच्या. दिसायला सगळ्या सारख्या. म्हणून तू कडक स्प्रिंगला लाल दोरा बांधायचास आणि मऊ स्प्रिंगला हिरवा. डॉक्टरांना हिरवी. फौजदारसाहेबांना हिरवी. मला लाल, आणि तिला चालतील अशी पूर्ण दारूची काडतुसं. मी विचारलं की तुझं ठरलेलं उत्तर होतं, सराव कडकवर, सामना मऊवर. कडकवर हात घडला की सामन्याच्या दिवशी मऊ पिस्तूल हातात फुलासारखं वाटेल म्हणायचास. मग माझ्या हातात पाण्याचा तांब्या देऊन मला हात लांब करून उभं करायचास, आणि मनगट दाबून बघायचास. म्हणायचास, मनगट सैल ठेवलंस तर चांगलं पिस्तूलसुद्धा अडकेल, स्लाइडला मागं जायला घट्ट आधार लागतो. खरं होतं तेही. ते तू माझ्या डोक्यात इतकं भरवलंस की माझ्या बाबतीत काही बिघडलं तर ते मनगटामुळेच, हे मला झोपेतही पाठ होतं.

मग रेल्वेची ती भरती आली. खेळाडूंच्या कोट्यातून, सिकंदराबादला. पुण्याच्या राज्य सामन्यात वरच्या नंबरात आले असते तर नोकरी जवळजवळ हातात होती. फौजदारसाहेबांनी अर्ज आणून दिला. तुला सांगितलं तेव्हा तू एका ठासणीच्या बंदुकीचा चाप काढत होतास. चांगलं आहे, म्हणालास. मान वर केली नाहीस. त्या काळात वहिनी नवी नवी घरात आलेली. आम्ही दोघी संध्याकाळी गच्चीवर बसून सिकंदराबादला खोली कशी घ्यायची, तिथं आंबट भाजी कशी करतात, तेलुगू किती दिवसांत येईल असलं बोलायचो. ती उदगीरची, तिला कानडी येत होतं. तेलुगूही येतं असं ती ठोकून द्यायची.

मला काय हवं होतं ते तेव्हाही कुणाला नीट सांगता आलं नव्हतं, आज सांगते. मला जायचं होतं. तुला कंटाळून नाही. ज्या गावात कुणाला माझ्या घराचं काय झालं हे माहीत नाही, अशा गावात मला राहायचं होतं. नांदेडात मी भूकंपातली पोरगी होते. दुकानदार वजनापेक्षा जास्त शेंगदाणे घालायचे. मला बरोबर वजनाचे शेंगदाणे हवे होते.

सामन्याला तू बरोबर आलास. काडतुसं मऊ भरलेली, तुझ्या हातची, डबीत ओळीनं लावलेली. पिस्तूल तूच तयार केलेलं. सामन्याआधी पिस्तूल दुसऱ्यानं उघडायचं नाही हा तुझा नियम, आणि मी तो देवाच्या आज्ञेसारखा पाळला. उभी राहिले, स्लाइड मागं खेचली. नेहमीसारखीच कडक लागली. मला वाटलं, एवढाच फरक असतो वाटतं. मऊ स्प्रिंग हाताला कशी लागते हे मला माहीत असतं तर मी तिथंच थांबले असते, पंचांना सांगितलं असतं, काहीतरी केलं असतं. पण मी जन्मात कधी हिरव्या दोऱ्याची स्प्रिंग खेचलीच नव्हती.

पहिलाच बार, आणि टरफल तोंडात उभं. पंचांनी नियमात बसेल तेवढी सवलत दिली. पुन्हा तेच. मी मनगट आवळलं, इतकं की हात थरथरायला लागला, आणि हात थरथरला की मला शाळेचं मैदान दिसायला लागलं. मग नेमही गेला. उरलेले बार मी कसे मारले मला आठवत नाही. मागं वळून बघितलं तर दोरीपलीकडं तू उभा होतास आणि जमिनीकडं बघत होतास.

बाहेर नळाजवळ मी तोंड धूत होते. तू टॉवेल दिलास आणि म्हणालास, "मनगट सैल पडलं गं तुझं. व्हतं असं." तुझा आवाज फार प्रेमळ होता. त्या प्रेमळ आवाजाबद्दल मी तुला कधी माफ करेन असं आज तरी वाटत नाही.

परतीच्या गाडीत तू मला खिडकी दिलीस, वाटेत खारे दाणे घेऊन दिलेस, माझ्या डोक्यावर हात ठेवलास. मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. दादा, त्या वेळी तुला झोप लागली होती का?

मी पुन्हा पिस्तुलाला हात लावला नाही. पुढच्या वर्षी परत भरती निघाली, फौजदारसाहेब घरी येऊन बसले, समजावून गेले. मी म्हटलं, माझा हात बरा झालेला नाही. भूकंपानं मनगट घेतलं ते घेतलंच. तू तिथंच बसला होतास.

मग लातूर. तिथं क्लासेसची लाट आली होती. गल्लीबोळांत हॉस्टेलं, मेस, खांबाखांबावर गुणवंतांचे फोटो. मला रसायनशास्त्र शिकवायला बोलावलं आणि तूही दुकान सोडून माझ्या मागं आलास. तेव्हा मला किती बरं वाटलं होतं. म्हटलं, बहिणीसाठी गाव सोडलं दादानं. तू शहराबाहेर रेंज टाकलीस आणि बघता बघता पोरांची रांग लागली. कुणाला खेळाडूचे वाढीव गुण हवे, कुणाला कोट्यातून कॉलेज, कुणाला घरच्यांनी एकाग्रता वाढावी म्हणून पाठवलेलं. सकाळी माझ्या वर्गात मोल आणि मोलॅरिटी, संध्याकाळी तुझ्याकडं नेम. दोन्हीकडं येणारी पोरं मला वर्गात सांगायची की सरांच्या हातचं पिस्तूल म्हणजे काय मॅडम, हातात आहे की नाही कळतच नाही. एकानं तर म्हटलं, सर पहिल्या दिवसापासून मऊच देतात, म्हणतात दुखवून शिकवायचं नसतं.

त्या दिवशी घरी येऊन मी तुझ्याशी भांडले, आठवतं? जेवताना. सराव कडकवर, सामना मऊवर, त्याचं काय झालं, असं विचारलं. तू भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच धरलास. म्हणालास, ही पोरं दोन वर्षांत जाणारी, त्यांना कशाला छळायचं. मी म्हटलं, मीही जाणारच होते की. तू म्हणालास, तुझं वेगळं व्हतं. काय वेगळं, ते सांगितलं नाहीस. ताट सरकवून रेंजवर निघून गेलास. ते भांडण आपलं वर्षानुवर्षं पुरलं. दिवाळीला, संक्रांतीला, कुणी पोरगं पदक घेऊन पाया पडायला आलं की, मी तोच प्रश्न टाकायचे आणि तू तेच उत्तर द्यायचास. वहिनी म्हणायची, ह्या दोघांना दुसरा विषयच न्हाई. मला वाटायचं तू हट्टी आहेस. मला वाटायचं तू माझ्यावर जुन्या पद्धतीचा प्रयोग केलास आणि मग शहाणा झालास, पण कबूल करायला जड जातंय. एवढीच तुझी चूक मी धरून चालले होते. किती स्वस्तात सोडत होते मी तुला.

लग्नाची स्थळं आली तीही आठव. तुझी अट, पोरगा लातूर-नांदेडचाच पाहिजे. एकाची बदली नाशिकला व्हायची शक्यता होती, तर तू त्याच्या मोठ्या कानांवरून त्याला नापास केलंस. आम्ही सगळे हसलो. मी पण हसले. वरची खोली तू माझ्यासाठी बांधून घेतलीस, खिडकी मोठी ठेवलीस, त्या खिडकीतून मला क्लासच्या जाहिराती दिसतात. चांगली हवा येते. तक्रार नाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू एकदा माझं मनगट धरलंस. मला वाटलं उठून बसायचं असेल. तू नुसतं दाबून बघितलंस, पूर्वी बघायचास तसं, आणि म्हणालास, "चांगलं घट्ट हाय की गं." मी म्हटलं, आता काय उपयोग त्याचा, खडू धरायला. तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं थकलास. आता कळतं की ती तुझी कबुली होती. अर्धीच, तीही अशी की मला ती कळूच नये. माणूस मरतानासुद्धा इतका हिशेबी असू शकतो, हे मला तुझ्याकडून शिकायला मिळालं.

आता वहिनीचं सांगते. पाहुणे गेले होते. आम्ही दोघी स्वयंपाकघरात डबे लावत होतो. मी सहज म्हटलं, दादा शेवटी माझं मनगट धरून बसला होता. वहिनीच्या हातातला डबा तिथंच थांबला. मग ती खाली बसली. पदरानं तोंड पुसलं. आणि बोलायला लागली ती माझ्याकडं न बघता, फरशीकडं बघून.

"पुण्याला निघायच्या दिवशी दुपारी मी चहा घेऊन गेले व्हते त्यांच्याकडं. पिस्तूल खोललेलं व्हतं. हिरव्या दोऱ्याची काढून हातात धरून बसले व्हते. लई येळ. मंग उठले आन् परत खिळ्याला लावली. लालच आत घातली. मी म्हणलं, आवं, ही ऱ्हायली की. तर म्हणले, राहू दे. म्हणले, ती गेली तर मी कुणाला बघू."

मी विचारलं, मग तू मला सांगितलं का नाहीस. इतकी वर्षं. रोज एका ताटात जेवतो आपण.

"काय सांगू," वहिनी म्हणाली. "मला पोरबाळ न्हाई. तू व्हतीस घरात. मलाबी वाटलं, राहू दे."

वहिनीवर मी ओरडले नाही. ती अजून माझ्याच आसऱ्याला आहे आणि मी तिच्या. रात्री तिनं भात लावला, मी जेवले. पण तुझ्याकडं मात्र मी त्या दिवसापासून अशी बघते आहे.

मला कळतं, दादा. हेच तर वाईट आहे की मला कळतं. भूकंपाच्या वेळी तू तिथं नव्हतास. दोन माणसं तुझ्या पाठीमागं गेली आणि तिसरीला तू डोळ्यांआड होऊ द्यायचं नाही असं ठरवलंस. तू मला हात धरून म्हणाला असतास, जाऊ नकोस गं, मला एकट्याला भीती वाटते, तर मी कदाचित राहिलेही असते. चार शिव्या घातल्या असत्या, रडले असते, आणि राहिले असते. मग ते राहणं माझं असतं. पण तू विचारलं नाहीस. तू माझ्या मनगटावर ढकललंस. माझी वेणी घालून घालून ज्या हाताची तू काळजी घेतलीस, त्याच हाताबद्दल मला खोटं सांगितलंस, आणि मी उरलेला जन्म तो हात अपंग आहे असं समजून जगले. रिक्षावाल्याला पैसे देताना हात थरथरला की वाटायचं, गेलंच हे. फळ्यावर लिहिताना खडू मोडला की वाटायचं, मनगट. माझा भूकंप त्या पहाटे संपला होता. तू तो लांबवत नेलास.

आणि मग पोरांना पहिल्या दिवसापासून मऊ पिस्तूल. तेही आता कळलं. ती तुझी भरपाई होती. फक्त माझ्या ऐवजी ती भलत्यांना मिळाली.

काल मी रेंजवर गेले. आता तिथलं सगळं रुबीना बघते. तुला माहीतच आहे, पण वाचणाऱ्यांसाठी, रुबीना ही तुझी सर्वांत चांगली विद्यार्थिनी, राष्ट्रीय सामन्यांत खेळलेली, क्लासवाल्या पोरांपैकी एकटीच परत आलेली. तुझ्यामागं रेंजचे परवाने तिच्याच नावावर चालणार आहेत. मला बघून ती घाबरलीच. मी कधी त्या दारातून आत गेले नव्हते. तुझं टेबल नांदेडच्या दुकानातल्यासारखंच आहे. भिंत तशीच, खिळे तसेच, दोरे तसेच. लाल थोडे, हिरवे पुष्कळ.

मी तिला म्हटलं, पिस्तुलात लाल दोऱ्याची घाल आणि काडतुसं सरांनी भरलेली मऊ घे. ती म्हणाली, मॅडम, असं चालत नाही. मी म्हटलं, मला बघायचंय. तिनं घातली. तिचं मनगट तुला सांगायला नको. उभी राहिली ती भिंतीसारखी. पहिला बार उडाला आणि टरफल तोंडात उभं राहिलं. तिनं काढलं. दुसरा बार. पुन्हा उभं. तिसऱ्याला तिनं पिस्तूल खाली ठेवलं, माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "मॅडम, यात हाताचा काय दोष न्हाई. स्प्रिंगच चुकीची हाय."

किती सहज म्हणाली ती. मी तुझ्या टेबलाशी जाऊन बसले. तिनं पाणी आणून दिलं, विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही. तिच्या मनातला तुझा फोटो मी उतरवला नाही. तेवढं तुझ्यासाठी केलं, की तिच्यासाठी, कोण जाणे.

मग मी म्हटलं, आता हिरवी घाल. तिनं घातली आणि पिस्तूल माझ्या हातात दिलं. उजव्या हातात धरून डाव्या हातानं मी स्लाइड मागं खेचली. खेचली तेव्हाच कळलं. एका क्षणात कळलं. इतकी हलकी, बोटांनी न ओढता जणू आपणहून मागं आलेली. त्या दिवशी पुण्यात ही माझ्या हाताला लागायला हवी होती, आणि लागली नाही, एवढं कळायला मला एकदा, फक्त एकदा, आधी ती खेचून बघायची गरज होती. तू सरावाला हिरवी कधीच का दिली नाहीस, हे सुरुवातीपासून ठरवून होतं की नंतर कामाला आलं, ते आता तुलाच विचारायला हवं.

पहिला बार मारला. मफ लावले होते, तरी मी आकसेन असं वाटलं होतं. आकसले नाही. लाथ कसली, नुसतं कुणीतरी तळव्यावर बोट टेकवावं तसं. टरफल उडून उजवीकडं फरशीवर पडलं, त्याचा आवाज ऐकू आला. दुसरं. तिसरं. नेम कुठं लागत होता ते मी बघितलंच नाही, रुबीना मागून सांगत होती, चांगलं जातंय मॅडम. मी रडत होते, आणि चष्मा धुरकट झाला होता, आणि मला तुझा इतका राग येत होता आणि इतकी आठवण येत होती की दोन्ही वेगळं करता येईना.

शेवटच्या बाराला मी मनगट सोडून दिलं. मुद्दाम, जितकं सैल सोडता येईल तितकं. रुबीना ओरडली, मॅडम हात. मी चाप ओढला. पिस्तूल हातात वर गेलं, डुललं, आणि टरफल उडून बाकीच्यांच्या शेजारी जाऊन पडलं.

दादा, मनगट सैल असतं तरी चाललं असतं.